लग्नसराई, तान्ही लेक आणि पहाटे साडेचारची नवरी

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

नाशिकला माझा नवरीच्या स्टायलिंगचा व्यवसाय आहे. मेकअप मी करत नाही हे आधीच सांगते, निम्मे लोक तिथेच गोंधळतात. साखरपुड्याला काय, हळदीला काय, गौरीहराला अष्टपुत्री कुठली, नंतरचा शालू कुठला, रिसेप्शनला घागरा की पैठणी, त्यावर तन्मणी शोभेल की चिंचपेटी, हे सगळं नवरीसोबत (आणि तिच्या आईसोबत, आणि पुण्याच्या मावशीसोबत) ठरवायचं. मग टेलरच्या मागे लागायचं, फॉल-पिको, आरी वर्कवाल्याकडे चकरा. आणि ऐन दिवशी कार्यालयात जाऊन दोन-तीनदा नेसवायचं.

लेक पाच महिन्यांची आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, तेव्हा ती साडेसहा महिन्यांची असेल. त्यात 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. म्हणजे मेचा उत्तरार्ध कोरडा आणि सगळी गर्दी त्याआधीच दाटणार. चौकशीचे फोन आत्ताच सुरू झालेत.

माझी अडचण वेळेची कमी आणि वेळांची जास्त आहे. दुपारी बाराचा मुहूर्त असला तरी देवक, गौरीहर धरून नवरी पहाटे पाचला खुर्चीत बसलेली लागते. मी साडेचारला हॉलवर. लेकीची दुधाची वेळ नेमकी तीच. आणि लग्नं असतात शनिवारी-रविवारी, म्हणजे जेव्हा आमच्या भागातली सगळी पाळणाघरं बंद.

नवऱ्याची नोकरी शिफ्टची, सासूबाई आमच्याकडे असतात, आई सिन्नरला. सीझन पूर्ण घ्यावा, अर्धा घ्यावा की सोडावा? ज्यांनी हे केलंय त्यांनी पहाटेचं नेमकं कसं जमवलं ते सांगा. ‘इच्छा असली की सगळं जमतं गं’ छापाचं कृपया नको, ते मला घरबसल्या मिळतं.

चाफेकळी

मी असते तर एक वर्ष सोडलं असतं. सीझन दरवर्षी येतो, बाळ सहा महिन्यांचं एकदाच असतं. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

गोदाकाठची

@चाफेकळी, तुमचं पटतं, पण आमच्या धंद्यात वर्ष सोडणं म्हणजे एक वर्ष सोडणं नसतं. नवरी येते ती तिच्या मैत्रिणीच्या लग्नात मला बघून. यंदा मी दिसले नाही तर पुढच्या वर्षी चौकशा कुठून येणार? नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, ती संपली की तिची खुर्ची तिथेच असते. माझी खुर्ची मीच.

सुईदोरा

कोल्हापूरहून लिहितेय. याच धंद्यात आहे, दोन्ही मुलं लग्नसराईतच वाढली. मोठा आता दहावीला आहे, म्हणजे बरेच पावसाळे-उन्हाळे बघून झालेत. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, कामाचे दोन ढीग कर. एक घरचा, एक हॉलवरचा. आपण सगळ्या धंद्याला ‘हॉलवरचा’ समजतो आणि घाबरतो. खरं बघितलं तर एका नवरीमागे हॉलवर जातो एक दिवस, बाकी सगळं काम घरच्या ढिगातलं. साडी ठरवणं, रंग जुळवणं, ब्लाउजचं डिझाइन, दागिन्यांची यादी, टेलरशी भांडण. यातलं बहुतेक बाळ मांडीवर घेऊन होतं. व्हिडिओ कॉलवर साडीचा रंग मात्र ठरवू नको, मोबाइल जांभळ्याचा निळा दाखवतो आणि मग आत्या म्हणते ‘हा तो नव्हेच’. रंग प्रत्यक्ष, दिवसाउजेडी. बाकी सगळं फोनवर.

हा घरचा ढीग चातुर्मासातच उपसायचा. हातमागाची पैठणी हवी असेल तर तसंही आधीच सांगावं लागतं. साध्या काठाला काही आठवडे आणि भरगच्च पदराला महिनोन्महिने जातात. तुला तर येवला दोन तासांवर, आम्हाला अख्खा दिवस मोडावा लागतो. तुझा यंदाचा चातुर्मास बाळंतपणात गेला, ठीक आहे. तरी फेब्रुवारीनंतरच्या नवऱ्यांचा ढीग तू आत्तापासून दिवाळीपर्यंत बराच हलका करू शकतेस.

दुसरी गोष्ट, ब्लाउज. आपला अर्धा पहाटेचा वेळ ब्लाउज खातो. नवरी लग्नाआधी दोन महिने डाएट करते नाहीतर टेन्शनने खाते, माप बदलतंच. टेलरला सांगून दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच माया (शिवणीत जादा कापड) ठेवायची, आणि शेवटची फिटिंग लग्नाच्या आठ दिवस आधी घ्यायचीच. ती झाली नसेल तर मी सरळ सांगते की हॉलवर मी सुई घेऊन बसणार नाही. (बसते. पण सांगते.)

तिसरी, आदल्या रात्रीची तयारी. सहावारी असेल तर निऱ्या आणि पदराच्या चुण्या घरीच घालून, इस्त्री मारून, क्लिपा लावून, साडी चपटी घडी करून खोक्यात. सकाळी नुसती खोचायची. नऊवारीचं तसं होत नाही, ओचा आणि काष्टा अंगावरच बसवावा लागतो. पण पदर आधी पिनअप करून नेता येतो. मी हे करायला लागल्यापासून पहाटे साडेचारची सव्वापाच झाली. पाऊण तास म्हणजे बाळाचं एक दूध. त्याची किंमत तुला सांगायला नको.

चौथी लिहिते थोड्या वेळाने, गॅसवर आमटी आहे.

निवांत_बाबा

पुरुष प्रतिसाद चालेल का? बायको मेकअप आर्टिस्ट आहे, पुण्यात. आमची विभागणी साधी आहे: शनिवार-रविवार पहाटे तीन ते दुपारी दोन मुलगा माझा. मी रात्री दहाला झोपतो. मित्रांच्या पार्ट्या बंद झाल्या, त्याचं फार दुःख नाही.

एक तांत्रिक भर. आम्ही काढलेलं दूध वापरायचो. डॉक्टरांनी सांगितलेले आकडे फ्रिजवर चिकटवले होते: बाहेर ठेवलं तर चार तास, तेही पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत एक दिवस. फ्रिजमध्ये चार दिवस, पण दारात नाही, आतल्या कप्प्यात. बाळाने बाटलीला तोंड लावून उरवलं तर दोन तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. एप्रिलमध्ये नाशिक काय, पुणे काय, पहाट सरली की हवा पंचवीसच्या वर जातेच. त्यामुळे हॉलवर काढलेलं दूध पर्समध्ये ठेवून आणायचा विचार करू नका.

आणि बाटलीची सवय आत्ताच लावा. लग्नाच्या पहाटे बाळाला पहिल्यांदा बाटली दाखवली तर ते बाटलीकडे बघतं आणि मग तुमच्याकडे बघतं, आणि मग जे होतं ते सगळी सोसायटी ऐकते.

तिखटजाळ

@निवांत_बाबा, उपयोगी माहिती, वाखुसा (वाचनखूण साठवली). फक्त ‘मुलगा माझा’ हे मदत म्हणून सांगू नका हो, तो तुमचाच आहे :)

निवांत_बाबा

मदत हा शब्द मी वापरलेलाच नाही. वर जाऊन वाचा.

तिखटजाळ

वाचलं. मागे घेते. सवयीने बोट सुटलं.

शिवलेलीच_बरी

एवढं कशाला? शिवलेली नऊवारी घ्यायला सांगा. पायजम्यासारखी चढवायची, पाच मिनिटांत नवरी तयार, तुम्ही घरी.

अंबाडा

शिवलेली नऊवारी म्हणजे नऊवारी नव्हे. काष्टा अंगावर बसतो तेव्हा चाल बदलते. शिवलेलीत तो लोंबतो. होमाला मांडी घालून बसली की मागून दिसतंच.

शिवलेलीच_बरी

आमच्या लग्नात कुणाला दिसलं नाही.

अंबाडा

तोंडावर कोण सांगणार?

गोदाकाठची

दोघांनाही दंडवत, पण विषयांतर होतंय. मी दोन्ही करते. पहिली नेसवण, म्हणजे गौरीहराची आणि मंगलाष्टकांची, अंगावर नेसवलेली. फोटो त्याचेच राहतात. नंतर जेवणाच्या पंगतीत, उखाण्याच्या वेळी मुलगी थकलेली असते, तेव्हा शिवलेली देते. ती नवरीची करवलीसुद्धा चढवू शकते, मी तिथे नसले तरी. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं की दुसऱ्या बदलासाठी मी थांबायलाच नको. @शिवलेलीच_बरी, आभार, तुम्हाला अपेक्षित कारणासाठी नव्हे, पण आभार.

सुईदोरा

आमटी झाली. चौथी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी.

हॉलवरच्या वधूपक्षाच्या खोल्या तू पाहिल्या आहेस. एक खोली, त्यात नवरी, चार मावश्या, तीन करवल्या, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि भिंतीत एकच प्लग. त्या एका प्लगवर स्टीमर, स्ट्रेटनर आणि सहा मोबाइल. तिथे तू एकटी असलीस तर नेसवण्यात निम्मा जीव जातो आणि प्लग राखण्यात निम्मा. म्हणून मदतनीस हवीच, आणि तिचा पगार तुझ्या खिशातून नव्हे, नवरीच्या बिलातून.

आपण बायका काय करतो? पॅकेज सांगताना आपला वेळ, गाडी, पिना-क्लिपा धरतो. बाळाला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे धरत नाही, कारण तो ‘घरचा’ खर्च. मी विचारते, फोटोग्राफर कॅमेऱ्याचं भाडं बिलात धरतो की घरखर्चात? मी हॉलवर उभी राहू शकते ती माझं बाळ कुणीतरी धरलंय म्हणून. मग ते धरण्याचे पैसे हा धंद्याचाच खर्च.

माझा हिशेब उघड लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. धाकटी लहान होती तेव्हा पूर्ण दिवसाचे अठरा हजार घ्यायचे. त्यातले मदतनीस मुलीचे दोन हजार, गाडीचे दीड, घरी थांबणाऱ्या मावशींचे पहाटेपासून दुपारपर्यंतचे बाराशे, कारण पहाटे येणाऱ्याला दिवसाचा दर देऊन चालत नाही. हे सगळं वजा करून उरतं त्याला मी कमाई म्हणते. आधी अठराला म्हणायचे आणि महिनाअखेर पैसे कुठे गेले ते शोधायचे. हिशेब असा मांडला तेव्हा कळलं की नुसतं मेहंदीचं किंवा संगीताचं रात्रीचं काम मला परवडतच नाही. सोडलं. रात्री घरी.

हडसनपार

न्यू जर्सीहून. इकडे मराठी मंडळींच्या लग्नांत नेसवून देते, मूळची डोंबिवली. तुम्हाला वाटेल इकडे सगळं सोपं, पण रोग तोच. लग्नं उन्हाळ्यातल्या वीकेंडला, डे-केअर सोमवार ते शुक्रवार. सिटर तासाला वीसेक डॉलर घेते आणि पहाटे पाचला यायला कुणी तयार नसतं.

एक फरक आहे. इकडे हॉल ठरावीक तासांसाठीच मिळतो, त्यामुळे बरेच भटजी आणि यजमान मुहूर्त दुपारकडे सरकवतात. मी बुकिंग घेतानाच पहिला प्रश्न विचारते की नवरी किती वाजता बसणार. दहाच्या आधी असेल तर जादा दर. पूर्वी संकोच वाटायचा. एका यजमानांनी मला सांगितलं की कॅटररसुद्धा पहाटेचा नाश्ता महाग लावतो, तुम्ही का लाजता?

नातवंडवाली

माझं वय पासष्ट, नातू दीड वर्षाचा, सून केक करून विकते. केक आणि साड्या वेगळ्या, पण सासूबाई तीच.

गोदाकाठची बाई, तुमच्या मूळ लेखात सासूबाई एका ओळीत आल्या: ‘आमच्याकडे असतात’. त्यांना विचारलंत का? रागावू नका. आमच्याकडे पहिल्या महिन्यात असंच झालं. ‘आई आहेतच’ असं गृहीत धरलं गेलं, मी कुणाला काही बोलले नाही आणि गुडघे बोलायला लागले. मग सुनेनेच एक दिवस कालनिर्णय आणून माझ्यापुढे ठेवला, ऑर्डरचे दिवस लाल पेनाने गोल केले आणि म्हणाली, आई, यातले तुम्हाला कुठले जमतील तेवढेच मी घेते. मी दोन खोडले. एक भजनी मंडळाचा वार आणि एक डॉक्टरांचा. त्या दिवसापासून मला ते ओझं वाटलं नाही.

आणि पहाटेचं बाळ आजीला जड जातं हो. दिवसाचं खेळतं, पहाटेचं शोधतं. तेव्हा पहाटेसाठी दुसरा माणूस बघा आणि आजीला आठनंतर उतरवा.

चाफेकळी

आजी, तुमचा प्रतिसाद सगळ्यात भारी.

दोनहजारतेवीसची_नवरी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या लग्नात स्टायलिस्ट ताई त्यांचं बाळ आणि त्यांची आई घेऊन आल्या होत्या, आम्हाला आधी न सांगता. बाळ गोड होतं, माझ्या आत्याने दिवसभर कडेवर घेतलं. पण खरं सांगू? मला राग आला होता. माझ्या ओच्यात पिना लावता लावता त्या दोनदा बाहेर गेल्या. मी पैसे दिले होते आणि तो माझा दिवस होता. वाईट वाटेल कदाचित, पण नवरीला त्या पहाटे दुसऱ्या कुणाचंच बाळ दिसत नाही.

तिखटजाळ

हे जरा कठोर नाही का? बाई म्हणून थोडं समजून घ्यायला…

गोदाकाठची

तिखटजाळ, मला ते कठोर वाटलं नाही. तिचं बरोबर आहे. बाळ आणलं याच्यापेक्षा सांगितलं नाही, हे खटकणारं. मी बाळ हॉलवर नेणार नाही, हे माझं पहिल्यापासून ठरलेलं आहे. धूप, हेअरस्प्रे, गर्दी, आणि त्या खोलीत पाळणा टांगायला जागा कुठे?

पण उलट अनुभवही सांगते. मागच्या महिन्यात एका घरून चौकशी आली, सगळं ठरत आलं, आणि बोलण्यात लेकीचा विषय निघाला. लगेच ‘मग तुम्हाला जमेल का? आम्हाला रिस्क नको’. मी बदली स्टायलिस्टचं नावसुद्धा देत होते, ऐकून घेतलं नाही. त्याच घरचा फोटोग्राफर नुकताच बाप झालेला, त्याला पेढे मिळाले.

तिखटजाळ

:( हे मात्र अगदी ओळखीचं.

सुईदोरा

बदलीचा मुद्दा तू काढलास म्हणून. तोंडी ठेवू नको, बुकिंगच्या कागदावर लिही. आम्ही कोल्हापूर-सांगलीतल्या चौघींनी आपापसात ठरवलंय: कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळ तापलं, तर मोकळी असेल तिने त्याच दरात उभं राहायचं. नवरीला आधीच सांगायचं की ऐनवेळी मी नसले तर अमुक येईल, तिचं काम हे बघा. नवरीच्या साड्या, दागिन्यांचा क्रम, कुठली पिन कुठे, सगळ्याचे फोटो एका फोल्डरमध्ये. म्हणजे येणारीला नुसतं उघडून बघायचं. अ‍ॅडव्हान्स निम्मा, परत मिळणार नाही, पण मी आणि बदली दोघीही नसलो तर पूर्ण परत. हे वाचून ज्यांना रिस्क वाटते ते तसेही ऐनवेळी कटकट करणारे निघतात.

स्पर्धक आहोत आम्ही चौघी, गोड गैरसमज नको. पण मुहूर्त चुकवून चालत नाही, एवढं चौघींनाही कळतं.

पैशाची_गोष्ट

जाता जाता दोन कोरड्या गोष्टी. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. मदतनीस, स्टीमर, साड्यांचा साठा यासाठी भांडवल लागत असेल तर मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल वीस लाखांवर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि सांभाळणाऱ्या मावशींचा खर्च सुईदोरा म्हणतात तसा दर ठरवताना जरूर धरा, पण आयकरात तो व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवण्याआधी सीएला विचारा. ते दोन वेगळे हिशेब आहेत.

सुईदोरा

मान्य. मी दराबद्दलच बोलत होते.

गोदाकाठची

इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. दसरा उरकल्यावर आज निवांत बसून सगळं पुन्हा वाचलं. ठरलंय ते असं:

सीझन सोडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्याला एकच लग्न, तेही नाशिक शहरातलं. मुंबई आणि शिर्डीकडची यंदा नाही. फेब्रुवारीपासून लेक वरचं खायला रुळलेली असेल, तेव्हा पुन्हा बघेन. मेहंदी, संगीत बंद. पहाटेचा जादा दर पॅकेजमध्ये घातला. लिहिताना हात थरथरला, पण पहिल्या दोन घरांनी काही न बोलता मान्य केला. तिसऱ्याने घासाघीस केली, मग मी गौरीहराच्या वेळेपासून येते म्हटलं, दर कमी. त्यांनी विचार करून पहाटेचाच घेतला.

सासूबाईंना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी काही खोडलं नाही, उलट म्हणाल्या मला नऊवारी नेसवता येते हे तुला माहीतच नाही. माहीत नव्हतं, खरंच. त्यांच्या माहेरी त्याच सगळ्यांना नेसवायच्या. आता मदतनीस मुलीला काष्टा शिकवायचं काम त्यांनी घेतलंय, रोज दुपारी लेक झोपली की घरच्या हॉलमध्ये वर्ग. पहाटेसाठी आई शुक्रवारी सिन्नरहून येणार, रविवारी परत. आईला येण्याजाण्याचे पैसे देते म्हटलं तर ओरडा खाल्ला. तिच्या पिशवीत गुपचूप ठेवणार आहे.

बाटली लेकीने चौथ्या दिवशी घेतली. सोसायटीने ऐकलं.

नातवंडवाली

वा! सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

सुईदोरा

मदतनीस मुलीला आधी सुती साडीवर शिकवायला सांग त्यांना. सिल्क सुरुवातीला हातातून निसटतं आणि मुलगी हिरमुसते. ओचा जमला की मग सेमी-पैठणी, आणि खरी साडी सगळ्यात शेवटी.

गोदाकाठची

सासूबाई पण हेच म्हणाल्या, शब्दशः. तुम्ही दोघी एकाच गावच्या आहात का?

अंबाडा

सासूबाई नेसवतात म्हटल्यावर शिवलेलीचा प्रश्नच मिटला :)

शिवलेलीच_बरी

मिटला नाही. मी आहे अजून.

मोगरा_अबोली

वाचनमात्र होते, आज लॉगिन केलं. एप्रिलमध्ये माझ्या बहिणीचं लग्न आहे, नाशिकलाच. घरात सगळ्यांना नेसवलेलीच हवी आहे. ताई, यादीत जागा आहे का? पहाटेचा दर मान्य आहे.

गोदाकाठची

@मोगरा_अबोली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. मुहूर्त किती वाजताचा आहे तेवढं कळवून ठेवा.